उंबरझरीतला सातवा रकाना

उंबरझरी गावातली यकृतं गेल्या मार्चपासून बोलू लागली आहेत, पण ती फक्त प्रशिक्षण घेतलेल्या आशाताईंशीच बोलतात. मी त्या भागाची गटप्रवर्तक, म्हणजे वीस आशांचं काम तपासणारी बाई. मला स्वतःला यकृतांचं बोलणं ऐकू येत नाही. माझं प्रशिक्षण जिल्ह्याला झालं आणि त्यात चहाच जास्त होता. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही ऐकू येत नाही. आशांच्या वर्गात बसू द्यावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता, पण ते आशा नसल्यामुळे तो नामंजूर झाला.

वर्ग तीन दिवसांचा होता आणि विषय होता हिपॅटायटिस सी. हा आजार रक्तातून शिरतो, वीस-वीस वर्षं गुपचूप बसतो आणि आतून यकृत खात राहतो. शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की यकृत हा फार सोशिक अवयव आहे, निम्म्याहून जास्त गेला तरी तक्रार करत नाही, म्हणून आपणच विचारावं लागतं. ओळखपत्र गळ्यात हवं. तळहात उजव्या बरगडीखाली टेकवायचा, आधी खुशाली विचारायची, आणि चार लोकांत विषय काढायचा नाही, कारण यकृतं लाजतात. मग बोटातून रक्त घेऊन तपासणीला पाठवायचं. यकृताचा तोंडी जबाब रक्ताच्या अहवालाशिवाय ग्राह्य धरू नये, असं परिपत्रकात स्पष्ट आहे.

उंबरझरीची आशा प्रयागा गवळे. तिनं एप्रिलभर गाव पालथं घातलं आणि एकोणीस जणांचे अर्ज आणून दिले. रक्ताचे अहवाल यकृतांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळले. काम चोख होतं, फक्त प्रत्येक अर्जातला सातवा रकाना कोरा होता. आजार कुठून शिरला ते त्यात लिहायचं असतं, म्हणजे त्याच ठिकाणी गेलेल्या बाकीच्यांनाही शोधता येतं. अर्धवट अर्जावर गोळ्या मिळत नाहीत. बारा आठवडे गोळ्या घेतल्या की बहुतेक माणसं बरी होतात, आणि इथे एकोणीस जण एका कोऱ्या रकान्यापायी अडकून पडले होते. त्यातल्या भागवत काकड्यांच्या पायांना सूज आली आहे असं कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी ते अर्ज घेऊन उंबरझरीची बस धरली.

प्रयागा मला चुलीपाशी घेऊन गेली. यकृतांना आठवत नाही का, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. सगळं आठवतं, ती म्हणाली, महिना आणि वार धरून सांगतात. मग तिनं ओसरीकडे पाहिलं. तिथे तिचे सासरे नरहरीअप्पा बसले होते.

अप्पा तरुणपणी एका दवाखान्यात कंपाउंडर होते. नंतर गावी येऊन त्यांनी तीस वर्षं ओट्यावर सुया दिल्या. आमच्याकडे गोळीला कुणी औषध मानत नाही, सुई टोचल्याशिवाय ताप उतरल्यासारखा वाटतच नाही. अप्पांचा हात हलका होता. काचेची सिरिंज ते रोज पहाटे आंघोळ करून उकळायचे आणि मग तीच सुई दिवसभर चालायची. सकाळी एकदा आंघोळ केली की माणूस दिवसभर स्वच्छ असतो, तसंच सुईचं, असा त्यांचा हिशेब होता. गाव अजून त्यांच्या पाया पडतं.

"एकोणीसच्या एकोणीस यकृतं एकच नाव घेत्यात मॅडम," प्रयागा म्हणाली. "आन् नाव घेताना अप्पा म्हनत्यात, आदरानं. म्या कसं लिवू?"

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. अप्पांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, आधी माझ्या यकृताला विचार.

सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायची आमच्याकडे रीत नाही, आणि परिपत्रकात त्याबद्दल काही सूचना नव्हती. प्रयागानं गळ्यात ओळखपत्र घातलं, डोक्यावर पदर घेतला आणि मान फिरवून हात टेकवला.

"ठणठणीत हाय म्हनतंय, मामा. तुमी जन्मात येक बी सुई घेतली न्हाई म्हनं. तुमाला भ्या वाटतं."

अप्पांचा चेहरा उतरला. आपल्यालाही तो आजार असेल, निदान तेवढी तरी शिक्षा मिळाली असेल, अशी त्यांना आशा होती असं मला वाटतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

त्यांनी काठी मागितली. भर दुपारी आम्ही तिघं निघालो. अप्पा प्रत्येक घरापुढे उभं राहून स्वतःच सांगायचे की हे माझ्या सुईनं झालं. दोन घरांनी दारं लावून घेतली. एका म्हातारीनं त्यांनाच धीर दिला, ते त्यांना जास्त लागलं. दार उघडलेल्या घरी प्रयागा हात टेकवायची आणि अप्पा विचारायचे, काय म्हणतंय. ती काही न लपवता सांगायची. बहुतेक यकृतं आपापला महिना आणि वार पुन्हा सांगत होती. अप्पा मान हलवायचे आणि रकान्यात स्वतःच्या हातानं लिहायचे, नरहरी गवळे यांचा ओटा.

भागवत काकड्यांचं घर शेवटचं. त्यांच्या बायकोनं अप्पांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातलं काहीच खोटं नव्हतं. भागवतरावांनी बाजेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. अप्पांची आत यायची हिंमत होईना. प्रयागानं बाजेशी बसून हात टेकवला आणि अप्पा सोबत आल्याचं हळूच सांगितलं.

"काय म्हनतंय?" अप्पांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

प्रयागानं हात न उचलता उंबऱ्याकडे मान वळवली.

"म्हनतंय, त्यास्नी आत बसवा. उन्हातून आल्यात."

अप्पा आत आले आणि जमिनीवर बसले. त्यांनी पेन सुनेपुढे धरलं. तो रकाना प्रयागानंच भरला, आणि खाली तपासलं म्हणून मी सही केली.