बासष्ट टक्के लिनक्स

कोणत्याही यंत्राची खरी प्रतिष्ठा ते बंद पडल्यावर भोवती किती माणसं जमतात यावरून ठरते. त्या हिशेबानं २००२ च्या ऑक्टोबरात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला संगणक अख्ख्या कोल्हापुरात अतिप्रतिष्ठित होता.

मी भूगोलाचा प्राध्यापक. तरी संगणक विभागाचा प्रमुख मीच, कारण पुण्यातल्या तीन दिवसांच्या शिबिराला मी जाऊन आलो होतो (तिसऱ्या दिवशी सहल होती). व्हायरसनं संगणक आजारी पडल्यावर मी प्राचार्यांना लेखी सुचवलं, की त्यात जुन्या प्रणालीऐवजी लिनक्स ही प्रणाली घालावी. ती फुकट मिळते आणि तिला व्हायरस सहसा लागत नाही. पहिलं कारण वाचूनच प्राचार्यांनी सही केली.

धास्तावल्या त्या फक्त श्यामलाबाई, आमच्या ग्रंथपाल. दोन वर्षं बसून त्यांनी ९,८४० पुस्तकांची सूची टाइप केली होती. एकतीस तारखेला त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्याआधी पुढच्या मंगळवारी तपासणी समितीला ती सूची स्वतः दाखवणार होत्या.

"सर, सूची फ्लॉप्यांवर घेतलीय. पण पडद्यावर परत दिसेल ना?"

मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मुहूर्त खंडेनवमीचा धरला. त्या दिवशी ग्रंथालयात टाइपरायटर, कात्री आणि पुस्तकं शिवायचा दाभण यांची रीतसर पूजा होते. पडद्याला कुंकू लावू नये, डाग राहतो, असं शास्त्रीय मत मी दिलं आणि त्याऐवजी लिनक्सच्या सीडीला लावलं. (छापील बाजूवर ते उठून दिसेना, म्हणून चकचकीत बाजूला.) शिपाई आकारामनं नारळ फोडला.

संगणकातलं जुनं सगळं पुसून टाकण्याचं काम पहिल्या पाच टक्क्यांत निर्विघ्न पार पडलं. नंतर बासष्ट टक्क्यांवर गाडी थांबली ती थांबलीच.

पुढच्या काही दिवसांत चौदा प्रयत्न झाले, चौदाही बासष्टवर अडकले. एवढं सातत्य आमच्या कॉलेजच्या निकालातही नाही. मी रॅम काढून खोडरबरानं घासली, डबा उघडून त्यावर टेबलफॅन सोडला, माउस बदलला (त्याचा संबंध नव्हता, पण दुसरा हाताशी होता). बघायला आलेल्यांपैकी एकोणीस जणांनी वायरिंगला दोष दिला, सात जणांनी पुण्याला. शेवटी सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या जाणकारांना ई-मेल केला. उत्तर आलं : सीडी तपासा. हा उद्धटपणा वाटल्यानं मी त्यांना माझ्या पदव्या कळवल्या.

सोमवारी सकाळी मी अहवाल दिला : 'सदर प्रणाली कोल्हापूरच्या दमट हवामानास अनुकूल नाही.' (हवामानाबाबत भूगोलाच्या माणसाशी कोण वाद घालणार?) अकराला तो मंजूर झाला.

बाराला आकाराम आला. त्यानं सीडी खिडकीच्या उजेडात धरली.

"सर, राग मानू नगासा. तुमी लावल्यालं कुंकू अजून हितंच हाय की. पुसू काय?"

मी बघितलं. संगणक सीडीची जी बाजू वाचतो तिच्यावरच कुंकू होतं, आणि बोटाचा ठसासुद्धा माझाच होता. पुसायला अर्धं मिनिट लागलं असतं, पुढच्या कामाला तासभर, आणि समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. पण मंजूर झालेला अहवाल काही ओल्या फडक्यानं पुसता येत नाही.

"राहू दे, आकाराम. कुणाजवळ बोलू नकोस."

"व्हय. देवाचं हाय, पुसू ने," तो म्हणाला. (त्यानं मला सांभाळून घेतलं की टोमणा मारला, हे मला आजवर कळलेलं नाही.)

मंगळवारी श्यामलाबाईंनी समितीला लाकडी खणांतली जुनी कार्डं ओढून ओढून दाखवली. फ्लॉप्या त्यांच्या पर्समध्येच राहिल्या. निरोपसमारंभात त्या म्हणाल्या, "सरांनी माझ्यासाठी फार प्रयत्न केले." ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

अहवालाचं मात्र भलं झालं. जयसिंगपूरच्या एका शाळेनं त्याची नक्कल मागवली. राधानगरीकडच्या एका संस्थेनं तर, आपल्याकडं पाऊस जास्त, म्हणून आलेली संगणकांची खोकी उघडलीच नाहीत. लिनक्स आपल्याकडं चालत नाही, हे आता गावोगाव ठाऊक आहे. तुम्हीही अशाच कशाबद्दल तरी 'ते आपल्याकडं चालत नाही' असं कुणाला ठणकावून सांगितलं असेल. त्याआधी सीडी उजेडात धरून बघितली होती का?