सज्जन काही करत नाही

कुत्रा हा माणसाचा सर्वांत इमानी मित्र आहे, असं जगभर मान्य झालेलं आहे. हे वाक्य आजवर फक्त कुत्र्यांच्या मालकांनी लिहिलेलं आहे, ही गोष्ट वेगळी. दूधवाल्याचा या विषयावरचा निबंध कुठल्याही पाठ्यपुस्तकात घेतलेला नाही.

सेफ्टीसाहेब नटबोल्टच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यांच्या कारकिर्दीत तिथे एकाही कामगाराचं बोट गेलं नाही. (एक अंगठा गेला, पण तो पायाचा होता आणि कँटीनमध्ये गेला, म्हणून धरलेला नाही.) नव्या कामगारांना ते पहिल्याच दिवशी सांगत, की धोका असेल तर आधी तो काढून टाका, काढता येत नसेल तर त्याला जाळी बसवा, आणि यातलं काहीच जमत नसेल, तर आणि तरच, माणसाला हातमोजे द्या. हे सांगताना त्यांचा आवाज भरून येई.

लेक लग्न होऊन परगावी गेली, घर खायला उठलं, आणि साहेबांनी एक पिल्लू आणलं. त्याचं नाव सज्जन. सहा महिन्यांत पिल्लाचं असं धूड झालं, की त्याला बाजूला सारून सोफ्यावर बसायचं म्हणजे आधी त्याची परवानगी लागे. साहेबांचा त्याच्यावर फार जीव. कामावरून आल्यावर आपल्याला बघून कुणीतरी वेडंपिसं होतं, हे सुख त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळत होतं. (बायकोनं ते एव्हाना बंद केलं होतं.) अशा जिवाला पट्टा बांधायचा, तोंडाला जाळी लावायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. तेव्हा धोका काढता येत नाही आणि जाळीही बसवता येत नाही, असं ठरलं. उरले हातमोजे.

घरी येणाऱ्यांसाठी साहेबांनी रीतसर कार्यपद्धती आखली. येण्याआधी फोन करणे. घंटी न वाजवणे. फाटकाशी हात खाली सोडून उभे राहणे. सज्जनच्या डोळ्यांत न बघणे. पळणे तर नाहीच नाही. हसू आल्यास तोंड मिटून हसणे (दात दिसले तर त्याचा गैरसमज होतो). अंगावर आलाच तर झाडासारखे स्तब्ध राहणे. सोफ्यावरून उठायचे असल्यास यजमानांना आगाऊ कळवणे. शिवाय दाराशी कारखान्यातले जुने गमबूट सात, आठ आणि नऊ नंबरांत ठेवलेले असत. ज्यांचा पाय दहा नंबरचा होता, त्यांच्याशी संबंध हळूहळू कमी झाले.

इतकं करून कुणाला काही झालंच, तर साहेब निःपक्षपाती चौकशी करत. दूधवाल्याची विजार फाटली, तेव्हा दूधवाला सायकलवरून आला होता आणि सज्जनला सायकल आवडत नाही, असं निष्पन्न झालं. शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या पोटरीला दात लागले, तेव्हा मास्तर शिंकले होते. चुलतभावाचं मनगट तर सज्जननं नुसतं धरलं होतं; ओढून घेतलं ते चुलतभावानं. चावा असा एकाही प्रकरणात सिद्ध झाला नाही. प्रत्येक चौकशीचा शेवट एकाच वाक्यानं होई, की तो काही करत नाही. हे वाक्य साहेब बहुतेक वेळा जखमेला पट्टी बांधता बांधताच म्हणत.

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे होते. अपघात नव्वद टक्क्यांनी घटले. पाहुणे पंच्याण्णव टक्क्यांनी घटले, पण ते मोजायची पद्धत नव्हती. पेपरवाल्याचा नेम इतका सुधारला, की तो रस्त्यापलीकडून वरच्या खिडकीत पेपर टाकू लागला. दूध कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला लटकवलेलं मिळे आणि बायको ते आणायला जाई. तेवढाच तिला व्यायाम. आसपासची सगळी घरं शिस्तीला लागली होती. गल्लीत काहीही न शिकलेला जीव एकच उरला होता, आणि त्याला शिकायची गरज नव्हती, कारण तो काही करत नव्हता.

अशात लेकीचा फोन आला. नातीला घेऊन आठवडाभर राहायला यायचं म्हणत होती. नात चार वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणत. साहेबांनी तिला आजवर जेमतेम दोनदा जवळ घेतलं होतं, बाकी सगळं आजोबापण फोनच्या पडद्यावर. आनंदानं त्यांना काय करू नि काय नको झालं. लेकीनं अट मात्र घातली, की सज्जनला बांधून ठेवा. ठकीला काही झालं तर मी तिला पुन्हा तिकडे आणणार नाही, हेही सरळ सांगितलं. साहेबांना ते लागलं. सगळी व्यवस्था करतो, असं ते म्हणाले.

आणि केलीही. रोज संध्याकाळी फोनवर ठकीचं प्रशिक्षण सुरू झालं. लेकीला वाटलं, आजोबा-नातीचा खेळ चाललाय. ठकी हात अंगाशी घेऊन झाड व्हायला शिकली. खाली बघायला शिकली. हसायचं नाही, ओरडायचं नाही, रडायचं नाही, हेही शिकली. असा कामगार आपल्याला उभ्या आयुष्यात मिळाला नाही, असं साहेब कौतुकानं सांगत.

"अहो, त्यापेक्षा एक पट्टा आणा ना," बायको म्हणाली. पण ती या क्षेत्रातली नव्हती.

ठकी आली. दिवाणखान्यात पाऊल टाकते तोच सज्जन कोपऱ्यातून उठला आणि सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला. लेक बॅगेसकट दारातच थिजली. ठकी झाड झाली. हात अंगाशी, नजर जमिनीवर, अगदी शिकवल्याप्रमाणे. सज्जननं तिचा गळा हुंगला आणि घशातून खर्जातला आवाज काढला. हा आवाज साहेबांच्या चांगला ओळखीचा होता. तो बोलतो, असं ते इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते. त्या क्षणी मात्र त्यांना ते गुरगुरणं म्हणून ऐकू आलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली. मग त्या घरात सक्त मनाई असलेल्या सगळ्या गोष्टी त्यांनी एकदम केल्या. ते ओरडले, धावले, हातवारे केले, सज्जनकडे डोळे वटारून बघितलं. सज्जन ठकीला सोडून त्यांच्या उजव्या दंडाला लोंबकळला. (नियम मोडले कुणी, असं विचारलं तर साहेब हल्ली स्वतःच हात वर करतात. डावा.)

बायकोनं कसंबसं सज्जनला स्वयंपाकघरात कोंडलं. ठकी अजून झाडच होती. आता संपलं, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रडायचं नाही असं आजोबांनी बजावलं होतं, म्हणून ती रडली नाही. तिच्या पायांशी नुसता ओला डाग पसरत गेला. तो बघून साहेबांना स्वतःची इतकी लाज वाटली, की दंडाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुता धुता विचारलं, की कुत्रा रस्त्यावरचा का. साहेब हो म्हणणार होते. बायको म्हणाली, घरचा. मग बाईंनी विचारलं, की याआधी कुणाला चावलाय का. साहेबांच्या तोंडून आजवरच्या चौकश्यांचे निष्कर्ष बाहेर पडू लागले, सायकल, शिंक, मनगट. आणि सांगता सांगता ते त्यांचे त्यांनाच ऐकवेनात.

"चावलाय," ते शेवटी म्हणाले. "बऱ्याच जणांना."

बाहेर बाकावर लेक ठकीला मांडीवर घेऊन बसली होती. ती चिडून बोलली असती तर परवडलं असतं.

"बाबा, एवढ्याशा पोरीला तुम्ही महिन्याभरात झाड व्हायला शिकवलंत," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला 'बस' म्हटल्यावर बसायला शिकवायला काय झालं होतं?"

लेक तिथूनच ठकीला घेऊन परत गेली.

साहेबांनी पट्टा आणला, तोंडाची जाळी आणली, व्हरांड्याला मजबूत दार बसवलं आणि सज्जनला शिकवणी लावली. सज्जन पंधरवड्यात बसायला शिकला. मालकाला पट्टा हातात धरून ठेवायला शिकायला त्याच्या दुप्पट वेळ लागला. दूधवाल्याला नवी विजार शिवून दिली. ती त्यानं फाटकाबाहेरूनच स्वीकारली. लेक अजून आलेली नाही. बघू, म्हणते. फोनवर ठकी आजीशी भरपूर गप्पा मारते आणि आजोबा पडद्यावर आले की गप्प उभी राहते.

आता फिरायला निघाले की साहेब वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक कुत्रेवाल्याला आपली ही फजिती आपण होऊन सांगतात. लोक पोट धरधरून हसतात. ऐकणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांना ती पटते, आणि शंभर टक्के लोक म्हणतात, की आमच्या शेजाऱ्याला हे एकदा ऐकवाच. तुम्हालाही हे वाचताना कुणीतरी डोळ्यांसमोर आलं असेल, आणि त्याला हे पाठवायचं तुम्ही ठरवलंही असेल. जरूर पाठवा. तोही हेच तुम्हाला वाचून दाखवायला केव्हाचा तुमच्या फाटकाबाहेर येऊन उभा आहे. आत यायची तेवढी त्याची हिंमत होत नाहीये.