स्टिक माझी, चेंडू दुसऱ्याचा

माझा गोल्फचा खेळ चांगला आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायला संधी मिळणार नाही. खेळ उत्तम, फक्त चेंडू डावीकडे जातो. आणि तो जातो सामानामुळे! मी बूट बदलले, हातमोजे बदलले, टोपी बदलली. चेंडू तर इतके बदलले की मैदानावरच्या तळ्यातले मासे आता मला ओळखत असतील. तरी चेंडू डावीकडेच! म्हणजे दोष उरला कुणाचा? स्टिकचा!

"किंवा तुमचा," बायको म्हणाली.

माझी बायको कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, ही दात बसवते. कामाला वेगळी जागा नाही म्हणून सगळा कारभार जेवणाच्या टेबलावर. आपण मिठाला हात घालावा आणि बोटाला कुणाची तरी दाढ लागावी! घरात मागे एक खोली आहे. पण तिच्यात माझं गोल्फचं सामान राहतं, आणि सामानाला मोकळी हवा लागते.

"अहो, ती खोली मला द्या," बायको म्हणाली. "काल तुमच्या साहेबांच्या मिसेस जेवायला आल्या. शोपीस समजून कवळी हातात घेतली. ती साहेबांचीच होती!"

"मग सामान कुठे ठेवू?"

"विकून टाका."

"विकू? अगं, एक नवीन स्टिक येऊ दे, तुझ्या बाबांनासुद्धा हरवतो की नाही बघ!"

बायकोनं हातातला जबडा खाली ठेवला. हे लक्षण चांगलं नसतं.

"ठरलं. रविवारी बाबांना हरवा, मी खोलीचं नाव काढणार नाही. हरलात, तर सामान बाहेर आणि मी आत."

सासरेबुवा भूमितीचे रिटायर्ड शिक्षक. त्यांच्या स्टिक माझ्या लग्नापेक्षा जुन्या. एकीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, दुसरीला सुतळी. बॅगेची चेन गेली म्हणून तिला पायजम्याची नाडी! अशा माणसाला हरवायला कितीसा वेळ?

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुकान गाठलं. तिथे स्टिक वापरून बघायला शेजारी शेजारी दोन खोपटी केली होती, मध्ये जाड पडदा. आपण समोरच्या कापडावर चेंडू मारायचा, तो मैदानात कुठे गेला असता ते बाजूच्या टीव्हीवर दिसतं. मी गेलो तेव्हा दोन्ही टीव्ही बंद पडले होते. सेल्समन मागे सरपटत गेला, "ही इथली, का ही तिथली?" असं पुटपुटत त्यानं वायरी खोचल्या आणि कोळिष्टकं झटकत बाहेर आला.

"मारा सर!"

मी मारला. टीव्हीवर काहीच नाही.

"जरा वेळ लागतो. मशीन विचार करतं."

मशीननं विचार केला आणि माझा चेंडू, काय सांगू, पट्टीनं आखलेल्या रेषेसारखा सरळ गेला! दुसराही सरळ. तिसरा तर माझ्या हातून चुकून छताला लागला आणि ट्यूबलाइट हलली. पण टीव्हीवर? सरळ!

"हा पण?" मी विचारलं.

"सर, हीच तर नवी टेक्नॉलॉजी. चुका पोटात घालते."

"वा!" मी म्हणालो. दर फटक्याला मी "वा!" म्हणत होतो. पडद्यापलीकडे मात्र कुणीतरी दर फटक्याला "अरेरे!" करत होतं. मला त्या बिचाऱ्याची कीव आली. म्हटलं, एकेकाचा हात असतो. आणि खिशाचा विचार न करता स्टिक घेऊन टाकली.

रविवारी मैदानावर सासरेबुवांनी माझी चकचकीत स्टिक वरपासून खालपर्यंत पाहिली. "जावईबापू, अंगण बदललंत वाटतं?"

"खेळ सुरू करा, बाबा."

त्यांनी सुतळीवाल्या स्टिकनं मारला. सरळ. मग मी उभा राहिलो. बायको कडेच्या बाकावर बसून हातातल्या टेपनं हवेत काहीतरी मोजत होती. खोलीत टेबल कुठे बसेल, हेच बहुतेक!

मी मारला. चेंडू डावीकडे गेला, झाडावर आपटला आणि आमच्या डोक्यावरून मागे आला.

"आपल्याला तिकडे जायचंय ना?" सासरेबुवांनी नम्रपणे विचारलं.

"स्टिक नवीन आहे. तिला जरा सवय होऊ दे."

दुसरा तळ्यात! एक मासा वर येऊन बघून गेला. तिसऱ्याला मी सगळा जोर लावला. चेंडू कुंपण ओलांडून पार्किंगमध्ये गेला आणि एका गाडीच्या काचेवर बसला. ती गाडी बोंबलायला लागली. तिचं ऐकून शेजारची, मग सगळी रांग! वॉचमन शिट्टी फुंकत धावला. सगळ्या मैदानाचा खेळ थांबला. फक्त सासरेबुवांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि शांतपणे चेंडू होलमध्ये ढकलला.

गाडी साहेबांची होती.

साहेब आले. ऑफिस, डोकेदुखी, गोल्फ, काच, काही सोडलं नाही! मी मान खाली घालून उभा. बायको मात्र त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"अहो, बघा ना!" ती माझ्या कानाशी म्हणाली. "एवढे ओरडतायत, पण कवळी जागची हलत नाहीये! काय फिटिंग झालंय!"

खोली गेली, हे सांगायला नकोच. नंतर कँटीनमध्ये चहा घेताना सासरेबुवांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका. ह्या नव्या स्टिक असतातच भिकार. मी स्वतः पाहिलंय."

"तुम्ही? कुठे?"

सासरेबुवांनी लेकीकडे चोरून पाहिलं. "आता लपवायचं काय? तुम्ही नवीन घेणार म्हटल्यावर मी घाबरलो हो. पोरीची खोली माझ्या हातात! म्हणून गुपचूप दुकानात जाऊन आलो. तुमच्यासारखीच स्टिक होती. पहिला फटका डावीकडे, झाडावर आपटून मागे. दुसरा तळ्यात. एक तर वर गेला तो खालीच येईना! म्हटलं, आपली सुतळीच बरी. त्यात पडद्यापलीकडे कुणी दीडशहाणा होता, दर फटक्याला 'वा! वा!' ओरडत होता."

माझा चहा कपातच राहिला.

"आणि तुम्ही 'अरेरे' म्हणत होतात?"

"तुम्हाला काय माहीत?"

मग त्यांनाही कळलं. भूमितीचे शिक्षक ते! दोन खोपटी, दोन टीव्ही आणि मागे उलट्या खोचलेल्या वायरी. त्यांनी टेबलावर चमचे मांडून एकदा खात्री करून घेतली. मी जे सरळ फटके बघून स्टिक विकत घेतली, ते माझे नव्हतेच! आणि सासरेबुवा जे बघून सुतळीकडे परतले, तो माझा खेळ होता.

बायको इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोकही कारण न कळता हसायला लागले.

सासरेबुवा हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. "म्हणजे ह्या स्टिकनं ते सगळे चेंडू सरळ मी मारले होते?"

"हो."

"द्या पाहू इकडे."

तेव्हापासून मागच्या खोलीत बायको कवळ्या करते, आणि मी दारातून डोकावलो की फळीवरचे सगळे दात एकदम मला हसतात. सुतळीवाली स्टिक आता माझ्याकडे असते, जेवणाच्या टेबलाखाली. चेंडू डावीकडेच जातो. लोक विचारतात, नवीन सामानानं खेळ सुधारतो का हो?

सुधारतो की! माझ्या सामानानं सासऱ्यांचा बघा किती सुधारला!