दयानंद सरांची झाकलेली गाडी

औशाच्या दयानंद सरांनी इंग्रजीचा धडा नुसता वाचून न दाखवता करून दाखवायचं ठरवलं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

धडा होता जुन्या काळातल्या अमेरिकेचा. एक कुटुंब झाकलेल्या गाडीत संसार भरून दूरच्या ओसाड माळावर नवं घर करायला निघतं. सरांनी तो तीनदा गहिवरून वाचला, पण सहावीतलं एकही पोरगं हललं नाही. लातूरच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांना अनुभव द्या. (सरांना स्वतःला तिथं अनुभव आला तो फक्त गार उपम्याचा.) त्यात सरांची नोकरी कायम व्हायची होती, आणि मुख्याध्यापिका इंदूताई शनिवारी त्यांचा तास बघणार होत्या.

वर्गातल्या तनुजाचे आजोबा ग्यानोबा बैलगाडी द्यायला लगेच तयार झाले. कामट्या वाकवून त्यांनी वर कमानीही बांधून दिल्या. राहिलं पांढरं कापड. ते सरांच्या घरी पलंगावरच होतं. शनिवारीच दुपारी उमरीहून आपले भाऊ-वहिनी येणार म्हणून विशाखानं, म्हणजे सरांच्या बायकोनं, ठेवणीतली चादर अंथरली होती. ती स्वयंपाकघरात असताना सरांनी चादर अलगद ओढून घेतली. पाहुणे यायच्या आत परत अंथरायची, असा त्यांचा प्रामाणिक बेत होता.

खरं तर गाडी जागेवरच उभी राहणार होती, प्रवास तेवढा मनातल्या मनात. सर वडील झाले, तनुजा आई, आणि मागं चार पोरं. ग्यानोबा शिपायाबरोबर चहा प्यायला गेले. इंदूताई व्हरांड्यात वही घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना बघून सरांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्यांनी कासरा झटकला आणि म्हणाले, "चला, पश्चिमेकडं!"

बैलांचं घर नेमकं पश्चिमेलाच होतं.

फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हा सर बैलांना 'थांबा' म्हणाले. थोड्या वेळानं 'थांबा ना' म्हणाले. आजवर कुणीच अहो-जाहो न केल्यामुळं बैलांना ते आपल्याला उद्देशून असेल असं वाटलं नाही.

"सर, मी धरू का कासरा?" तनुजानं मागून विचारलं.

"धड्यात आई मागंच बसते," सर म्हणाले. गाडी हातातून गेली होती, पण सरांनी धडा सोडला नव्हता.

मागची पोरं खुशीत होती. सरांना मात्र गल्लीतलं वळण दिसलं आणि घाम फुटला, कारण बैलांची रोजची वाट सरांच्याच दारावरून जायची. दारातल्या बाभळीनं चादरीचा एक कोपरा टर्रकन फाडून ठेवून घेतला. पाहुणे लवकरच पोचले होते. विशाखा त्यांच्या हातातल्या पिशव्या घेत होती. गाडी बघून पुनमवहिनी म्हणाल्या, "वन्सं, वरची चादर तर मागच्या खेपेला तुमच्या पलंगावर होती तिच्यासारखीच दिसून राहिली."

विशाखानं एकदा चादरीकडं बघितलं, एकदा पुढं बसलेल्या माणसाकडं.

"चादर माझीच हाय," ती शांतपणं म्हणाली. "वर बसलेल्या मानसाला मी वळखत न्हाई."

सरांनी नमस्कार करायला हात जोडले, आणि कासरा सुटला. मग मात्र तनुजा विचारायला थांबली नाही. कमानीखालून पुढं सरकून तिनं कासरा ओढून धरला, "हो रे, हो" म्हणाली, आणि बैल जागच्या जागी उभे राहिले. तिनं गाडी वळवली आणि सरांना शाळेत आणून सोडलं.

इंदूताई रागावतील असं सरांना वाटलं होतं. पण इतका जिवंत तास आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मुलांना काय समजलं ते लगेच लिहून घ्यायला सांगितलं. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला : त्या कुटुंबाला प्रवासात सगळ्यात मोठी अडचण कोणती आली?

तनुजानं एकच ओळ लिहिली होती : "वडिलांना गाडी हाकता येत नव्हती."

सर लाल पेन घेऊन त्या ओळीत बराच वेळ चूक शोधत राहिले. मग त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.