आखितीचा जनरेटर

सोमवारी दुपारी तीर्थपुरीच्या खालच्या गल्लीतली विजेची डीपी मोठा आवाज करून जळाली, तेव्हा रखमाजींच्या कॉम्प्युटरवर सगुणाबाई झाडाखाली बसून खोकत होत्या. रखमाजी त्यांना उचलून औषधाच्या झुडपापाशी नेणारच होते. पडदा काळा झाला, पंखा थांबला आणि त्या काळ्या काचेत रखमाजींना स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. ते काही फार बघण्यासारखं नव्हतं.

खऱ्या सगुणाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. रखमाजी अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून रिटायर होऊन गावी आले आणि पुढच्याच पावसाळ्यात त्या गेल्या. बायकोशी बोलायला सवड मिळाली तेव्हा ऐकायला कोणी उरलं नाही. मग वर्षभर ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशा नजरेनं बघत, की लोक पलीकडच्या गल्लीनं जायला लागले. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या शिवकन्येनं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात एक खेळ टाकून दिला.

खेळात एक बेट होतं. बेटावर कुठूनशी येऊन पडलेली आदिवासी टोळी, माणसं सात. एकेकाला माऊसनं उचलायचं आणि कामाला लावायचं. कोणी फळं तोडायची, कोणी पाणी आणायचं, कोणी लाकूड तोडून झोपड्या उभ्या करायच्या. नीट सांभाळली तर टोळी वाढते, नाही तर मरते. रखमाजींना पहिले आठ दिवस त्यात काही राम वाटला नाही. मग माणसांची नावं बदलता येतात हे त्यांना कळलं.

टोळीतल्या दांडग्या गड्याला त्यांनी पिठाच्या गिरणीवाल्या बदरोद्दीनचं नाव दिलं. खरा बदरोद्दीन उन्हात उभा राहिला तर सावली पडेल की नाही अशी शंका यावी इतका बारीक होता, त्यामुळे तो खूश झाला. एका बाईला समोरच राहणाऱ्या थोरल्या बहिणीचं, गोजरअक्कांचं नाव दिलं. ही पडद्यावरची गोजर काम टाकून सारखी समुद्रात पोहायला जायची. दोन्ही वेळचा डबा पाठवणाऱ्या खऱ्या गोजरअक्कांनी हे एकदा पाहिलं आणि दोन दिवस डबा उशिरा आला. पांढऱ्या केसांची एक म्हातारी होती, ती सगुणा. टकलू म्हातारा होता, तो स्वतः रखमा.

आणि या रखमाला रखमाजींनी एकच काम लावून दिलं होतं, सगुणेची झोपडी. कारखान्याच्या एका खोलीत सव्वीस वर्षं धुरात स्वयंपाक करताना सगुणाबाईंनी एकच गोष्ट मागितली होती, खिडकी असलेलं वेगळं स्वयंपाकघर. रखमाजी दर वर्षी म्हणायचे, रिटायर झाल्यावर बांधू. आता निदान पडद्यावर तरी ते काम निम्म्यावर आलं होतं.

डीपी जळाल्याबरोबर त्यांनी मोबाइलवरून शिवकन्येला गाठलं.

"नाना, थांबवायचं बटन दाबलं होतं का?" तिनं विचारलं.

"लाइट काय सांगून जाती का?"

"मंग अवघड आहे. तो खेळ घड्याळावर चालतो. कॉम्प्युटर बंद असला तरी तिकडचे दिवस जातातच. परत उघडलं की एकदम सगळा फरक दिसतो. कोठीत फळं किती होती?"

"दोन दिसाची."

"नाना, नवीन डाव सुरू करा ना सरळ."

"दुसरी सगुणा करू म्हणतीस?"

तिचं उत्तर रखमाजींपर्यंत पोचलं नाही, कारण मोबाइलचं चार्जिंग संपलं. ते वायरमनला गाठायला गेले. वायरमन म्हणाला, नवी डीपी यायला आठ दिवस लागतील, आणि हे त्यानं असं सांगितलं की पंधरा समजावेत.

मंगळवारी सकाळी रखमाजींनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला, हातगाड्यावर ठेवला आणि बदरोद्दीनच्या गिरणीत नेला. गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची. त्याच इंजिनाला जोडलेल्या डायनामोवर एक बल्ब लागायचा. इंजिन जोरात पळालं की तो डोळे दिपवायचा आणि दळण जड आलं की लाल व्हायचा.

"कितना येळ पाह्यजे?" बदरोद्दीननं विचारलं.

"पाच मिनिटं. तिला खायला घातलं की झालं."

दळणाच्या रांगेत डबा घेऊन नंदाबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरत विचारलं, "कोणाला, भाऊजी?"

"सगुणाला. कालपासून उपाशी हाय. अन् वरून खोकून राह्यली."

नंदाबाई उठल्या आणि दळणाचा डबा तिथंच टाकून निघून गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या.

"रखमाजीभाऊ, पूरं सांगायचं ना," बदरोद्दीन म्हणाला. "आधंच सांगितलं तुम्ही."

"ह्याच्यात पूरं काय अन् आधं काय? उपाशी हाय म्हंजे उपाशी हाय."

कॉम्प्युटर सुरू होता होता बल्ब एकदम पांढरा झाला आणि फुटला. कॉम्प्युटरनं तीन शिट्ट्या मारल्या आणि मान टाकली. दोघांनी त्याच्यावरचं पीठ झटकलं आणि तो होता तसा गुंडाळून घरी आणला.

दिवस मावळायच्या आत गोजरअक्का भावाच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"तुला दिसती का रे ती?"

"दिसत होती. कालपस्तोर."

"काय म्हणती?"

"म्हणती काय? झाडाखाली बसती, खोकती."

"कोणत्या झाडाखाली?"

"समुद्राच्या कडंला हाय एक."

गोजरअक्कांनी गालावर हात ठेवला. त्यांची भावजय उभ्या जन्मात परतूरच्या स्टेशनापलीकडे गेली नव्हती. ती आता समुद्राला पोचली, म्हणजे बरीच भटकत होती.

"अक्का, खेळातली म्हणून राह्यलो मी. तू पाह्यला न्हाईस का खेळ?"

"पाह्यला. मला पोहायला लावल्तंस तोच ना? खेळ असू दे खेळाच्या जागी. पण ती उपाशी हाय हे तुझ्या तोंडून निघालं का न्हाई? तीन बायांनी ऐकलंय. दहाव्याला कावळा दीड तास आल्ता न्हाई, तवाच मला वाटल्तं हिचं काहीतरी राह्यलं म्हणून."

गोजरअक्कांनी तिथल्या तिथं बेत ठरवून टाकला. शुक्रवारी अक्षय तृतीया होती, म्हणजे आखिती. आखितीला तसंही पितरांना जेवू घालतातच. सगुणा अहेवपणी, म्हणजे नवरा जिवंत असताना गेली, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण बसवायची. पुरणपोळी आणि आमरस करायचा, भावकी बोलवायची, भजन ठेवायचं.

"मला जेवणं नको, अक्का. मला लाइट पाह्यजे."

"लाइटचं काय एवढं? भजनाला लाउडस्पीकर लागंल, तर कचरू मांडववाल्याचा जनरेटर आणावाच लागंल."

रखमाजी एकदम ताठ बसले. "जनरेटर येईल?"

"येईल की."

"मंग करा," रखमाजी म्हणाले. "चांगलं मोठं करा. मांडव घाला."

भावाला बायकोची एवढी माया आहे हे पाहून गोजरअक्कांनी डोळ्याला पदर लावला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. रखमाजी काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. मधूनच ते बोटांवर काहीतरी मोजत आणि पुन्हा तिकडे बघत. कोठीतली फळं मंगळवारीच संपली असणार. टोळीत सगुणाच सगळ्यांत म्हातारी आणि आजारी, म्हणजे पहिली तीच जाणार. एकदा तिच्या उशाशी बसून काही करता आलं नव्हतं आणि आता दुसऱ्यांदा तेच. डबा समोर यायचा, ते झाकण उघडून वास घ्यायचे आणि परत लावून टाकायचे. ती तिकडं उपाशी असताना आपण वांग्याची भाजी खायची, हे त्यांना पटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दारात मांडव पडला. कचरूनं जनरेटर आणून उभा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "एक लाउडस्पीकर अन् दोन पंखे. ह्याच्याउपर कायबी लावायचं न्हाई. अन् डिझेल दुपारपस्तोरच पुरंल."

भजन सुरू झालं. सवाष्ण म्हणून नंदाबाई पाटावर बसल्या आणि त्यांना तेवढं वाढून झालं. पत्र्यावर सगुणाबाईंच्या नावाचा घास ठेवला. कावळा शिवला की मग भावकीनं जेवायचं, असं ठरलेलं होतं.

कावळा आला नाही. एक तास झाला. आमरस उन्हानं तापला. भजनी मंडळी एकच अभंग तिसऱ्यांदा म्हणायला लागली. भावकीतले लोक अधूनमधून आभाळाकडे बघत होते आणि जास्त करून पुरणपोळ्यांकडे.

"हिचं काय राह्यलंय ते कबूल कर बाबा एकदा," गोजरअक्का भावाला म्हणाल्या. "मोठ्यानं बोल. त्याबिगर कावळा यायचा न्हाई."

"आधी पाहून येतो," म्हणून रखमाजी आत गेले. त्यांनी एका पंख्याची वायर काढली आणि कॉम्प्युटरची लावली. बदरोद्दीन मागोमाग आला. गिरणीत मान टाकलेला कॉम्प्युटर सुरू झाला. खेळाचं चित्र आलं. आता फक्त एकदा बटन दाबायचं होतं आणि रखमाजींचं बोट तिथंच अडकून बसलं.

"एक बोलू?" बदरोद्दीन म्हणाला. "उघडलं तरच कोण गेलं ते कळतं ना? मंग उघडूच नका. न्हाई उघडलं तर कोणी मरत न्हाई."

"अन् जगतं का?"

रखमाजींनी डोळे मिटले आणि बटन दाबलं.

"काय दिसतं?"

"माणसं दिसून राह्यली. जरा कमी हायेत." बदरोद्दीन पडद्याला नाक लावून बघत होता. "एक दगड हाय. वर फूल ठेवलंय."

"नाव वाच."

बदरोद्दीनला इंग्रजी अक्षरं ट्रकच्या नंबरापुरती येत होती. "आर," तो म्हणाला.

"एस असंल. नीट पाह्य."

"आर हाय, भाऊ. बिलकुल आर. मंग ए. मंग के."

रखमाजींनी डोळे उघडले. समुद्राकडं तोंड करून झोपडी पुरी उभी राहिली होती. दारात टोपली घेऊन सगुणा उभी होती. तिचा खोकला गेला होता. कोठीत फळांचा ढीग होता. झोपडीच्या शेजारी दगड होता आणि त्या दगडावर रखमाजींचं नाव होतं.

"सगळ्यांत जड काम तुम्ही त्यालाच लावल्तं," बदरोद्दीन हळूच म्हणाला. "झोपडी बराबर पुरी केली त्यानं. मंग पडला."

तेवढ्यात गोजरअक्का आत आल्या. भावाचं तोंड पाहून त्यांनी भिंतीला हात टेकला. "काय झालं रे? गेली का?"

"ती बरी हाय," रखमाजी म्हणाले. "मी गेलो."

गोजरअक्का पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मांडवात नंदाबाई दुसऱ्या पुरणपोळीवर तूप घेत होत्या, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"म्हंजे सवाष्ण बसवली ते चुकलंच," त्या म्हणाल्या.

मग त्या बाहेर गेल्या आणि वाढलेलं एक ताट घेऊन आल्या. ताट त्यांनी भावासमोर आदळलं.

"घे. चार दिवस झाले, डबा जसाच्या तसा परत येऊन राह्यला. तिकडं मेलास ते मेलास. इथं जेव."

"अक्का, अजून कावळा शिवला न्हाई."

"कावळ्याचं कावळा पाहील. जेव म्हणते ना."

रखमाजींनी पोळीचा तुकडा मोडला, आमरसात बुडवला आणि तोंडात घातला. ते रडायला लागले, आणि लहान पोरासारखं नाक पुसत पुसत बोलायलाही लागले.

"दवाखान्यात शेवटी एकच विचारत होती. माझ्यामागं तुम्ही जेवताल का म्हणून. स्वयंपाकघराचं काही बोलली न्हाई. मी म्हणलं, फालतू बोलू नको. होय म्हणायचं राह्यलं माझं."

"मंग आता म्हण," गोजरअक्का म्हणाल्या.

"होय," रखमाजी ताटाकडे बघत म्हणाले. "जेवतो."

तेवढ्यात बाहेर जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. डिझेल संपलं होतं. अभंग अर्ध्यावर तुटला, पंखा थांबला, पडदा काळा झाला. बदरोद्दीन दचकून उभा राहिला.

"भाऊ, थांबवायचं बटन दाबलं होतं ना?"

"न्हाई."

"मंग? आता परत तेच चालू. आठ दिवस लाइट न्हाई. तिचं कसं व्हायचं?"

लाउडस्पीकर गप्प झाल्यामुळं असेल, वर पत्र्यावर नखं वाजली आणि एक कावळा ओरडला. मांडवातल्या भावकीनं एकदमच पत्रावळी पुढे ओढल्या. आत मात्र कोणी वर पाहिलं नाही. रखमाजींनी काळ्या पडद्याकडे एकदा बघितलं. त्यात त्यांचंच तोंड होतं, मिशीला आमरस लागलेलं.

"फळं ती घेती तोडून," ते म्हणाले. "अक्का, रस वाढ."