शेजारच्या सीटवरचा ब्रेक

"मुलाखत म्हणजे उतारावरची गाडी. चालवणारा कसाही असो, शेजारी बसलेला माणूस पक्का पाहिजे. आणि मी बसलोय ना शेजारी!"

ब्रेकमास्तरांनी आरशासमोर टाय आवळत हे जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको कामावर निघाली होती आणि लेक बूट पुसत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घरात एखादं वादळ यायचं असलं की या दोघी आधी एकमेकींकडे बघतात.

ब्रेकमास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते लोकांना मोटार चालवायला शिकवत. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. मास्तरांनी तो इतकी वर्षं इतक्या इमानाने दाबला होता की त्यांचा उजवा पाय आता स्वतंत्र कारभार बघायचा. टीव्हीवर कुणी घाईघाईने जिना उतरू लागलं की पाय जमिनीवर. बायकोच्या हातातला मिठाचा चमचा जरा जास्त कलला की पाय जमिनीवर. मेहुण्याने लग्नाला होकार दिला त्या क्षणीही पाय दाबला गेला होता, आणि पुढे त्या संसाराचं जे झालं ते पाहता पायाचं फारसं चुकलं नव्हतं. पण ते असो.

लेकीच्या शाळेत एक विशेष अभ्यासवर्ग होता. घोकंपट्टी नाही, मार्कांची मारामारी नाही. प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न निवडायचा आणि विद्यापीठातल्या संशोधकांच्या हाताखाली दोन वर्षं त्याचाच पाठपुरावा करायचा. मुलं मोजकीच घेत, तीही दहावीतच. एकदा हुकलं की कायमचं हुकलं. यंदा एकच जागा उरली होती. लेकीला ती इतकी हवी होती की गेला महिनाभर तिला जेवताना काय खातोय तेही कळत नव्हतं.

मुलाखतीला पालकाने मुलाशेजारी बसायचं, असा नियम होता. आईची हॉस्पिटलात ड्यूटी होती. म्हणजे उरले मास्तर.

"अहो, तिथे तोंड उघडायचं नाही," बायको दारातून म्हणाली. "माझी शपथ घ्या."

मास्तरांनी घेतली. पायाबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

"हे बघ," शाळेच्या फाटकाशी ते लेकीच्या कानाशी लागले, "तू भरकटायला लागलीस की मी पाय दाबीन. दिसला की तिथल्या तिथे थांबायचं."

"बाबा, मी भरकटत नाही."

"सगळे शिकाऊ असंच म्हणतात."

लेक फाटकातून आत शिरली. बापाच्या पायाकडे बघून थांबायची सवय तिलाही लहानपणापासून होतीच.

मुलाखत मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत होती. मोठं टेबल, मागे खिडकी. एरवी बाई खिडकीकडे पाठ करून बसत. पण त्या दिवशी परीक्षक म्हणून आलेल्या विद्यापीठातल्या वृद्ध प्राध्यापिका मुख्याध्यापिकाबाईंशेजारी बसल्या आणि त्यांच्या खांद्यावर ऊन येऊ लागलं. म्हणून दोघी अलीकडच्या बाजूला आल्या आणि बापलेकीला बाईंच्या जागी बसवलं. एवढंच बदललं होतं. एवढ्यानेच घात केला.

"तुला कशाबद्दल कुतूहल वाटतं?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"माणसांच्या सवयींबद्दल," लेक म्हणाली. तिचा आवाज छान स्थिर होता. "म्हणजे आमच्या घरीच बघा ना..."

घर म्हटल्याबरोबर मास्तरांचा पाय दाबला गेला. आणि मास्तर जागच्या जागी थक्क झाले. आजवर घरीदारी त्यांनी नुसती फरशी दाबली होती. इथे मात्र बुटाखाली काहीतरी गोल, रबरी लागलं आणि अलगद आत गेलं. पालकांसाठी ब्रेक! या वर्गाचं एवढं नाव उगाच झालेलं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

लेकीने पाय पाहिला आणि ती थांबली. दार उघडून शिपाईमामा पाण्याचे ग्लास घेऊन आत आले.

"मी कुठे बोलावलं?" बाईंनी विचारलं.

"बेल वाजली, बाई."

बेलचं बटण टेबलाखाली पायाशी बसवलेलं होतं. एकदा दाबलं की पाणी, दोनदा दाबलं की चहा. आज आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहोत हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. चुकून आपलाच पाय लागला असेल म्हणून त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"हं, तुमच्या घरी काय?" प्राध्यापिका म्हणाल्या.

"आमच्या घरी बाबा..."

मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी पुरती थांबली नाही असं वाटून पुन्हा दाबला. लेक थांबली, चहा आला.

"पुन्हा वाजली?" बाई ओशाळल्या. त्यांनी चपला काढल्या आणि सरळ खुर्चीवर मांडी ठोकली. आता बेल वाजली तर ती भुताने वाजवली असं समजायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

प्राध्यापिकांनी चहाचा कप उचलला आणि पेन्सिल खाली ठेवली. "मुली, तू दर वेळी अर्ध्यावर थांबतेस. इथे आपला प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवणारी मुलं लागतात गं. मला वाटतं, आपण इथेच थांबू या."

लेकीचे डोळे भरून आले. ते मास्तरांना दिसलं. ही जागा आता जाते, पोरीचं वर्षभराचं स्वप्न डोळ्यांदेखत उतारावरून निघालंय! त्यांनी सगळा जीव त्या उजव्या पायात आणला, ब्रेक दाबला आणि दाबूनच धरला.

आता बटण दाबून धरलं की काय होतं, हे सांगायचं राहिलं. दाबून धरलं की आग.

सगळ्या शाळेत भोंगे किंचाळू लागले. शिपाईमामा वाळूची बादली घेऊन आत आले आणि मुख्याध्यापिकांना अनवाणी बाहेर घेऊन गेले. वर्गावर्गांतून रांगा निघाल्या. प्रयोगशाळेतली मुलं परीक्षानळ्यांसकट आली. चित्रकलेच्या वर्गात मुलांना चित्र काढता यावं म्हणून एक शिक्षक तासभर पुतळ्यासारखे बसले होते. ते तसेच, एक हात वर धरलेले, मैदानात येऊन उभे राहिले. पाहता पाहता सगळी शाळा गवतावर उभी होती आणि आग कुठेच नव्हती.

"बेल बाईंच्या टेबलाखालून आली," शिपाईमामा म्हणाले.

"मी तर मांडी घालून बसले होते!" बाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत मास्तरांवर आल्या. मास्तरांनी बायकोची शपथ घेतलेली. त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले आणि आधारासाठी लेकीकडे पाहिलं. बोलायला आता तिच्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं.

"बाबांनी ब्रेक दाबला," लेक म्हणाली.

मास्तरांचा पाय गवतात रुतला. पण ती आज प्रथमच त्याच्याकडे बघत नव्हती.

"माझा प्रश्न तोच आहे, मॅडम. जिथे ब्रेकच नाही तिथे माणूस पाय का दाबतो? भीती आधी डोक्याला कळते की पायाला? मी घरी खूप दिवस बघतेय. गाडीसाठी दाबतात त्याहून जास्त बाबा माझ्यासाठी दाबतात. मी सायकल शिकले तेव्हा कोपऱ्यावर उभं राहून दाबायचे. मला ताप आला की पलंगापाशी बसून दाबतात. तापाला कुठे ब्रेक असतो? पण दाबतात. आज मी रडणार असं वाटलं, तर त्यांनी अख्खी शाळा थांबवली."

मास्तरांना नाक पुसायचं होतं, पण तोंड उघडल्यासारखं दिसेल म्हणून त्यांनी तेही केलं नाही.

प्राध्यापिकांनी हातातला गार झालेला चहा संपवला. "प्रश्न उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आणि अभ्यासायला हे गृहस्थ मिळतील का?"

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा मास्तर छाती काढून दारातच उभे होते.

"आम्हा दोघांनाही प्रवेश मिळाला," ते म्हणाले.

"तुम्ही तोंड उघडलं होतंत?"

"एक शब्द नाही. हिला विचार हवं तर."

लेक बूट काढत होती. तिने खाली बघूनच मान डोलावली.

पहिल्याच शनिवारी मास्तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खुर्चीवर बसले. उजवा पाय उघडा, त्याला वायरी, आणि वायरी एका यंत्रात. पाय हलला की यंत्राची सुई कागदावर रेघ काढणार. प्राध्यापिकांनी पडद्यावर कड्याकडे सुसाट निघालेली मोटार दाखवली. सुई हलली नाही. अंगावर येणारा ट्रक दाखवला. सुई ढिम्म.

"बरे आहात तुम्ही," प्राध्यापिका जरा हिरमुसल्या.

"सवय ताब्यात ठेवली की राहते, मॅडम," मास्तर ऐटीत म्हणाले. "मी स्वतः शिकवतो ना."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या लेकीने पेनचं टोपण काढलं.

"बाबा, अठरा पूर्ण झाले की मी गाडी शिकणार आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे नाही. दुसऱ्या मास्तरांकडे."

सुई कागद ओलांडून, यंत्राची कड ओलांडून टेबलावर येऊन पडली.

"घाबरू नकोस," मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवून लेक म्हणाली. "मी बसलेय ना शेजारी."