हिराजीकाकांचा बगळा

हिराजीकाकांच्या मोटारसायकलवर मागे बसायचं तर घरून जेवून निघावं. टोकावड्याहून मुरबाडला पोचायला किती वेळ लागेल, हे रस्त्याकडेच्या खाचरात कोण उभं आहे यावर ठरतं. लांब पायांचं काही दिसलं की काकांचा ब्रेक लागलाच!

काका आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी माळशेज घाटात गेली. तेव्हा थांबून पक्षी बघता आले नाहीत, ती कसर आता आमच्यावर काढतात. नियम एकच. "उडल्याबिगर नाव नाय घ्यायचा. मान दुमडली त बगळा, सरळ ठेवली त करकोचा." पण पक्षी लवकर उडतो थोडाच? आणि काका त्याला हुसकूही देत नाहीत. "त्याचा जेवणाचा टाइम हाय रे!" एकदा काकांच्या मागे बसून सत्यनारायणाला निघालेले भटजी पोथी छातीशी धरून बांधावर ताटकळले, आणि तिकडे यजमानांचा शिरा पार गार झाला.

काकी हल्ली आसनगावला मुलाकडे असते. मुलगा-सून दोघंही नोकरीला कल्याणला जातात आणि नातू तान्हा. काकांनाही रोज बोलावणं येतं, पण ते हटून बसलेत. "तिथं माझा काय काम? आमचे करकोचे इथं येतात."

ते खोटं नव्हतं. पांढऱ्या मानेच्या करकोच्यांची एक जोडी दर हिवाळ्यात आमच्या तळ्यावर उतरायची.

यंदा एकच आला. काकांनी सकाळीच मला हाक मारून नेलं. आम्ही काठावर बसून राहिलो, थर्मासातला चहा संपला, दुसरा काही आला नाही. शेवटी तो उडाला. मान काठीसारखी सरळ.

"करकोचा," मी म्हणालो.

"बगळा हाय तो."

"काका, मान बघितलीत ना?"

"बगळाच. करकोचा असा एकटा नाय फिरत."

काकांनी पक्ष्याचं नाव चुकवलं, आणि तेही मुद्दाम.

काका बराच वेळ थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिले.

"आसनगावला पाण्याची जागा हाय का रे कुठं?"

"आहे की. भातसा नदी जवळच आहे."

"मंग तुझ्या काकीला फोन लाव," काका उठत म्हणाले. "म्हणावं, सांच्याला माझा बी भात टाक."